स्वखुशीने हजर

ती केस आठवते. विसरून पाहिली, पण ज्या केसमध्ये आपलं कौतुक झालेलं असतं ती विसरणं अवघड जातं. घरात जेवायला बसलो की पोरं-सुना म्हणतात, "बाबा, दरोड्याची सांगा." मी सांगतो. त्या दरोड्यात दरोडेखोरांपेक्षा मीच जास्त पळालो होतो, त्यामुळे सगळे पोटभर हसतात. ही केस मात्र मी ताटावर कधी काढली नाही.

गोष्ट एकोणीसशे साठच्या दशकातली. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. गावात प्रत्येकाची आपली नशा होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याचीच वाईट वाटे. खाणीतले मजूर मोहाची पीत. ट्रकवाले गांजा ओढत, तो सरकारमान्य दुकानात राजरोस मिळे. साहेबांची बाटली गोंदियाहून येई. होळीला वकील आणि पोलीस एकाच भांड्यातली भांग घेत. एका होळीला मी दोन पेल्यांनंतर सासऱ्यांना सॅल्यूट ठोकला होता. अफूची दुकानं तेवढी बंद झाली होती. जुनी सवय असलेल्यांना डॉक्टरच्या दाखल्यावर आबकारीचं कार्ड मिळे आणि त्यावर महिन्याचा कोटा लिहिलेला असे. पण त्यासाठी रजिस्टरमध्ये 'अफूची सवय असलेला इसम' म्हणून नाव लावावं लागे. प्रतिष्ठित माणूस अफू खाईल, त्या रजिस्टरमध्ये सही करणार नाही. पुढचं सगळं या एका लाजेतून घडलं.

खबर आणली बाजारातल्या हलवायाने. तो काही कर्तव्यबुद्धीने आला नव्हता. गावातले एक मोठे वकील त्याच्या भावाच्या बाजूने त्याच्याविरुद्ध खटला लढत होते. माझा अनुभव असा की खबर नेहमी कोणाच्या तरी रागातून येते. ती खरी असायला त्याची हरकत नसते.

"साहब," तो म्हणाला, "अफीम खानेवाले को मीठा लगता है. हमारी रबडी रोज शाम को कौन ले जाता है, देखो. वकील साहब, हेडमास्टर साहब, जंगलवाले रेंजर साहब. और तीनों पहले उस बूढे के घर हो के आते हैं."

तो बूढा म्हणजे कोर्टातला निवृत्त चपराशी. मूळचा जवळच्या हट्टा गावचा, विधुर, विधवा मुलीसोबत राहणारा. तीस वर्षं कोर्टाच्या दारात उभा राहून त्याने लोकांची नावं पुकारली होती. सांधेदुखीसाठी अफू घ्यायचा, आणि त्याच्याकडे कार्ड होतं. घरझडतीत गोळ्यांची डबी आणि कार्ड, दोन्ही मिळाली. कोटा वाचून आमचे जमादार म्हणाले, "साहब, इतने में तो हाथी बैठ जाए." म्हाताऱ्याच्या अंगावर तर मूठभर मांस नव्हतं. एवढा कोटा लिहिणारा डॉक्टर मूर्ख नसणार, हे माझ्या लक्षात आलं आणि मी स्वतःवर खूश झालो.

मी मारणारा दरोगा नव्हतो. खात्यात माझी त्यासाठी थट्टा होई आणि मला तिचा छुपा अभिमान होता. मारायचं कशाला? अफूवाल्याला नुसतं बसवून ठेवायचं. रोजनामच्यात मी लिहिलं : 'चौकशीकामी स्वखुशीने हजर.' पोलीस ठाण्यात स्वखुशीने येणाऱ्यांची संख्या आपल्या देशात फार मोठी आहे. अटक दाखवली नाही की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायची भानगड उरत नाही.

व्हरांड्यातल्या बाकावर त्याला बसवलं. चहा दिला, वर्तमानपत्र दिलं.

"काका, गोळ्या कोणाकोणाले देता?"

"मीच खातो, साहेब."

"एवढ्या?"

"दुखणंच तेवढं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला जांभया सुरू झाल्या. मग नाक-डोळे वाहू लागले, अंगावर काटा आला, जुलाब लागले. त्याची मुलगी डबा घेऊन आली. भाताखाली तिने मिरीएवढी गोळी लपवली होती. ती मी बोटाने शोधून काढली. वीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या सफाईने मी दुसरं काही शोधल्याचं आठवत नाही.

"साहेब, येवढी तरी खाऊ द्या त्याइले," ती म्हणाली. "सत्तर वर्साचा माणूस हाय. एकदम बंद केली तर मरते तो."

"बोलले की देतो, बाई."

दुपारी म्हाताऱ्याने मला हाताने बोलावलं. पाय पोटाशी घेऊन तो बाकावर आडवा झाला होता.

"साहेब, जिंदगीभर मी लोकाइची नावं पुकारली, पण ती कागदावर लिहून असत. ही कागदावर नाही. मले नका लावू."

"मग बसा."

अर्ध्या तासाने त्याने नावं सांगितली. वकील, हेडमास्तर, रेंजर. आणि चौथं त्याच्या कार्डावर सही करणाऱ्या डॉक्टरचं. डॉक्टर मुद्दाम जास्त कोटा लिहायचे, वरचा माल चौघांत जायचा. एखाद्या महिन्यात त्यांना जास्त लागला की म्हातारा स्वतःची गोळी अर्धी करायचा. "मोठे लोक दारात येतेत साहेब, नाही कसं म्हणू?"

जप्त डबीतली एक गोळी मी माझ्या हाताने त्याला दिली. जप्त माल आरोपीला खाऊ घालणं हा गुन्हा आहे. तेवढा एकच गुन्हा या केसमध्ये मी माणूस म्हणून केला. हळूहळू त्याचा चेहरा जागेवर आला.

"कार्ड वापस भेटन न, साहेब?"

"हौ," मी म्हणालो.

जबाब घेऊन मी टाउन इन्स्पेक्टरांकडे गेलो. शाबासकीसाठी मान थोडी पुढे केलेली होतीच. त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला.

"दरोगाजी, बीमार पडोगे तो किस डाक्टर के पास जाओगे? बेटा किस स्कूल में है?"

मुलगा त्याच हेडमास्तरांच्या शाळेत होता.

"बूढा बेचता था. किसको? अनजान लोगों को. लिख लो."

मी लिहिलं. कोणी हात धरून लिहून घेतलं नाही. अक्षरही चांगलं आलं. म्हाताऱ्याला रीतसर अटक झाली. कार्ड पुरावा म्हणून लाखेच्या सीलखाली मालखान्यात गेलं. कोर्टात म्हाताऱ्याचं वकीलपत्र कोणी घेतलं असेल? त्याच वकिलांनी, आणि फी न घेता. गावात त्यांच्या मोठ्या मनाची चर्चा झाली. त्यांनी म्हाताऱ्याला गुन्हा कबूल करायला लावला, म्हणजे साक्षीपुरावा नको आणि कोणाचं नावही नको. म्हातारा दंडावर सुटला. कार्ड रद्द झालं.

सुटल्याच्या चौथ्या दिवशी मुलगी ठाण्यात आली. "बाबा उठत नाही. तुमी हौ म्हणलं होतं, साहेब."

मी डॉक्टरांकडे गेलो. नवा दाखला द्या म्हणालो.

"आता कसा देऊ?" ते म्हणाले. "तुम्हीच त्याला गुन्हेगार ठरवलंत. आणि या वयात सवय सुटतेय तर सुटू दे की. चहा घेणार?"

त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक होत्या. अफूने बाहुल्या अशा होतात, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. मी चहा घेतला. साखर जास्त होती.

म्हातारा तीन आठवड्यांत गेला. कारण लिहिलं गेलं हगवण आणि वार्धक्य. त्याच महिन्यात 'अमली पदार्थाचा बेकायदा व्यापार उघडकीस आणल्याबद्दल' माझ्या सर्व्हिस बुकात चांगला शेरा आला. बायकोने देवापुढे पेढे ठेवले. मी एक खाल्ला.

पोलिसाने मारलं की वळ उठतो, वळ कोणाला तरी दिसतो, क्वचित कोणी तक्रारही करतो. माझ्या पद्धतीत वळ उठत नव्हता. एवढ्यावरच मी स्वतःला इतरांपेक्षा बरा समजत आलो होतो. या केसने मला हे शिकवलं, आणि शिकूनही पुढे दोन-तीन केसमध्ये मी माणसं तशीच बाकावर बसवली. सवय कार्डावरच लिहिलेली असते असं थोडंच आहे.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. मुलीने चटई टाकली, पाणी दिलं. रडली नाही. बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली.

"साहेब, एक इचारू?"

"विचार."

"ते चारी जण आता पलीकडच्या गल्लीत जातेत. तिथं एक म्हातारा हाय, लकव्याचा. त्याच्या कार्डावरचा कोटा गेल्या महिन्यात वाढला म्हणे. त्याची सून भोळी हाय. तिले मी सांगून ठेवू, का तुमी सांगता?"

मी म्हणालो, "मी सांगतो."

गल्ली ठाण्यापासून पाच मिनिटांवर होती. मी बैहरला बदलीचा अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि सामान बांधून जीपमध्ये बसेपर्यंत मला तिथे जायला वेळ मिळाला नाही.