हरताळातही देवीची लस

"दवाखाना लोकांच्या सवडीने उघडत नसेल तर त्याला कचेरी म्हणावं," असं माझी पहिली मेट्रन मला म्हणाली होती.

बायांनो, आजचं चाळीच्या फळ्यावर लिहितेय. परळच्या आपल्या भागातलं आरोग्यकेंद्र मी चालवते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून आज हरताळ, तेव्हा केंद्र बंद ठेवा असा वरून हुकूम आला. मी उघडलं. पलीकडच्या चाळीत देवीचा रोगी सापडलाय, आणि गिरण्या बंद म्हणजे पोरांच्या आया घरी. एरवी पाळी बुडवून लस टोचायला पोर कोण आणणार?

मोठी रांग लागली. तेवढ्यात झेंडे घेतलेले तरुण आले.

"बाई, हरताळ आहे. दार लावा."

"मुंबई हवी ना तुम्हाला? मलाही हवी. जिवंत पोरांसकट."

"लोक फुटीर म्हणतील तुम्हाला."

"म्हणू देत."

रांगेतून गंगूबाई ओरडली, "अरे बंड्या, तुझ्याच भावाची पोर आहे ही माझ्या कडेवर! लाव बघू दार!"

बंड्या हसून मागे सरला. बाकीचे मात्र बजावून गेले, "पुढल्या वेळी कुलूप ठोकू."

मी पुढच्या पोराची बाही वर सारली. रांगेतलं एकही पोर लसीशिवाय परत गेलं नाही. उद्या वरचे जाब विचारतील. विचारोत.

झेंडेवाल्या पोरांनो, तुम्हीही हा फळा वाचता. पुढच्या हरताळाला मोर्च्यातली दोन माणसं मला द्या, रांग सांभाळायला. नाही म्हणाल, ठाऊक आहे. तरी मागतेय.