बिनखलाचा बत्ता

सुनेच्या मिक्सरमधून बडीशेप-खसखशीचा वास सुटला, की मी मनाने अंबरनाथच्या आमच्या जुन्या ओट्यावर जाऊन बसते. फाळणीत सिंध सोडताना शेजारच्या देवीबाईंनी लाकडी बत्ता तेवढा आणला होता. जड खल तिकडेच राहिला. म्हणून रोज सकाळी त्या आमच्या आईच्या दगडी खलात बदाम, बडीशेप, गुलाबपाकळ्या घोटायच्या. दुधात कालवून पहिला पेला मला. "पी बेटी, चेहरा खिलेगा."

एकदा त्यांच्या मुलाने नवा खल आणला. आईने आपला खल पुसून कोपऱ्यात सरकवला. दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात देवीबाई हजर, हातात नुसता बत्ता.

"नवा खल फुटला का हो?" आईने विचारलं.

"नहीं. उसमें अकेले घोटना पडता है."

पितळी पेल्यात मी माझाच चेहरा न्याहाळत होते. खुलला होता तो आईचा, हे आज दिसतं.