तळाचं वरण

आधी वैनीचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. नाव म्हणजे तरी काय, वैनीच. आमच्या घरात तिला तिच्या नावानं हाक मारणारं कुणी नाही. दादा ‘अगं’ म्हणतो, माय ‘पेडगाववाली’ म्हणते. मी आज घरापासून इतक्या लांब, दक्षिणेतल्या एका सूतगिरणीच्या संघात पळते. अर्धा दिवस मशीनवर, अर्धा दिवस रस्त्यावर. ते तिच्यामुळं.

तिची आठवण आली की आधी आवाज येतो. वरणाच्या भगुन्यात तिचं ओगराळं तळाला टेकायचं, ठण्ण वाजायचं, मग ती ते एकदा गोल फिरवून हळूच वर काढायची, सांडू न देता. ज्यांच्या घरात डाळ मुठीएवढी आणि माणसं ताटभर, त्यांना तो आवाज लगेच कळेल. घट्ट सगळं खाली बसलेलं असतं.

जिंतूरकडे आमचं गाव. शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन, वेळ पडली की दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. जेवणाची रीत सगळीकडं असते तीच. आधी वडील, म्हणजे आबा, आणि दादा, त्यांना तळाचं. मग भगुन्यात तांब्याभर पाणी ओतायचं, चिमूटभर मीठ, एक उकळी, आणि मग आम्ही बायका. मी लहानपणापासून त्या पाण्यावरच पळत होते म्हणायचं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मायलाही तिच्या सासूनं तसंच वाढलेलं.

शाळा नववीला सुटली, पळणं मात्र सुटलं नाही. शेळ्यांमागं माळावर पळायचे, मग गावोगावच्या शर्यतीत पळायला लागले. निम्म्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या पुढं, आणि मग पाय कापसाचे व्हायचे. दुसऱ्या दिवशी अंग उचलत नसे. माय दृष्ट काढायची. दादा म्हणायचा, “बस झालं आता. किती बेजार करून घेतीस?” वैनी मात्र माझ्याकडं नुसती बघत राहायची, बाजारात जनावर बघतात तशी. एक दिवस म्हणाली, “वन्स, तुमी बैलावानी पळायलाव आन चिमणीवानी खायलाव. कसं जमावं?”

मी तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी ती मला ‘वन्स’ आणि ‘तुमी’ म्हणायची. शिव्या द्यायच्या झाल्या तरी अहोजाहोनंच.

बैलाचं तिला कळायचं, कारण तिच्या वडिलांनी पेडगावला शंकरपटाच्या शर्यतीत पळवायचा बैल पाळलेला. लहानपणी त्याचा खुराक तिच्याकडंच होता. तेच ज्ञान तिनं माझ्यावर लावलं. त्यानंतरच्या पहिल्याच शर्यतीच्या सकाळी तिनं मला वाडगंभर हुलग्याच्या घुगऱ्या खाऊ घातल्या. “घोड्याचं खाणं हाय, खावा.” त्या शर्यतीत मी पळाले त्याहून जास्त वेळ बाभळीच्या आड बसले. घरी आले तर हिचं हसू थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. मग तिनं वडिलांना फोन लावला. ते पलीकडून एवढ्या जोरात ओरडले की मलाही ऐकू आलं, “अगं येडे, पळायच्या आधी कुणी बैलाला भरतंय का? पळून आल्यावर चारायचं! आन रोज चारायचं, पटाच्या दिवशीच न्हाई.”

त्या दिवसापासून ते ठण्ण माझ्या ताटासाठी वाजायला लागलं. मी पळून यायचे, हातपाय धुवायचे, तोवर ताट तयार. भाकरी, तळाचं वरण, ठेचलेले शेंगदाणे, शेळी दूध देत असली तर पेलाभर दूध. आबांच्याही आधी मी. मायनं पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावला. दादा म्हणाला, “बहीण पाळलीय का पटाचा बैल?” वैनी चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, “बैलच हाय. जिंकला तर तुमीच गुलाल उधळचाल.”

तिचं एक म्हणणं होतं. “भाकरीनं पळणं हुतं, वरणानं दुसऱ्या दिशी उठणं हुतं.” आणि खरंच, दोन-तीन महिन्यांत मी सकाळी उठायला लागले. गुडघे कुरकुरायचे थांबले. निम्म्या वाटेनंतरही पायाखाली रस्ता जाणवायचा. इथं गिरणीच्या मेसमध्ये भिंतीवर तक्ता लावलाय, सरावानंतर डाळ, अंडी, दही, प्रत्येक जेवणात थोडं थोडं. मॅडम त्याला प्रथिनं म्हणतात. झिजलेलं अंग त्यानं भरून निघतं म्हणतात. वैनी त्याला तळचं म्हणायची.

मग परभणीला या गिरणीच्या संघासाठी निवड आहे, असं कळलं. दादानं स्पष्ट सांगितलं, “ही शेवटची. न्हाई झालं तर पाव्हण्याला होय म्हणून सांगतो.” पालमकडचे पाहुणे मला बघून गेले होते. त्यांना पळणारी सून नको होती. मला निवडीची धास्तीच बसली. जेवण जायचं नाही. वैनी ताटासमोर बसून राहायची. “खावा. भीतीनं पोट भरत न्हाई.”

निवडीला थोडे दिवस उरले होते, तेव्हा लेकराला बांधावर निजवून कापूस वेचताना वैनी वाकली ती उठलीच नाही. मीच तिला धरली. केवढी हलकी लागली हाताला! जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. “अंगात रक्तच नाही हिच्या. अंगावर पाजतेस ना अजून? खातेस काय?”

वैनी म्हणाली, “खाते की. सगळे खातेत तेच.”

तेव्हा मला कळलं. भगुनं तर एकच होतं. डाळ तेवढीच पडत होती. आबांचं आणि दादाचं काही कमी झालं नव्हतं. माझ्या ताटात जे घट्ट आलं, तेवढं पाणी कुणाच्या तरी ताटात वाढलं होतं.

घरी आल्यावर मी ताटावर हात आडवा धरला. “मला नको. तू खा.”

“हात काढा, वन्स.”

“न्हाई काढत.”

“मधीच खुराक तोडला तर बैलबी जातो आन आधी चारलेलंबी जातं. माझं वाया घालवचाल का?” तिचा आवाज थकलेला होता. रागावली असती तर मी भांडले असते. त्या थकलेल्या आवाजाशी काय भांडणार?

मी हात तसाच ठेवला. तेवढ्यात माय उठली. तिनं वैनीच्या हातातलं ओगराळं घेतलं, भगुन्यात घातलं आणि ढवळत राहिली, ढवळत राहिली, खालचं वरचं सगळं एक होईपर्यंत. मग आबा, दादा, मी, वैनी, सगळ्यांना सारखं वाढलं. दादानं बोट बुडवून बघितलं. “आज वरण पातळ कामून?”

“आज सगळ्यांचंच पातळ हाय,” माय म्हणाली. “गुमान जेव.”

दादा गुमान जेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून जास्तीची डाळ आणली. ते किती दिवस टिकलं, हे मला माहीत नाही. मी निघेपर्यंत तरी टिकलं.

परभणीच्या मैदानावर शेवटच्या फेऱ्यांत माझे पाय पुन्हा कापसाचे व्हायला लागले. मला जिंकायचं काही सुचत नव्हतं. एवढंच वाटत होतं की वाया जायला नको. निवडलेल्या मुलींत शेवटचं नाव माझं होतं. पालमच्या पाहुण्यांना नकाराचा निरोप गेला.

जिंतूरच्या स्टँडवर वैनी लेकराला काखेला घेऊन आली होती. फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचं गाठोडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, “पळून आल्यावर खावा, आधी न्हाई.” दोघींना बाभळी आठवल्या. हसायला सुरुवात झाली आणि एसटी सुटली.

इथं कुणाला माझी भाषा कळत नाही. कामानं आणि पळण्यानं रोज इतकी दमते की फोनवर बोलायचंही त्राण नसतं. तरी आठवड्याला विचारते, “वैनी, जेवलीस का?”

“जेवले की.”

“तळचं का वरचं?”

ती हसते. लेकरू रडायलंय म्हणते, कापूस राहिलाय म्हणते, “तुमी पळा वन्स,” म्हणते. आणि मी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभी राहते, समोरचा वाढपी तळापासून घट्ट डाळ वाढतो, आणि माझा हात ताटावर आडवा जायला बघतो. मग तिचंच ऐकते, वाया जाऊ देत नाही.

पण वैनी, एक दिवस मी येणार आहे. आबा, दादा सगळे थांबतील. तुला आधी पाटावर बसवीन, तुझ्या नावानं हाक मारीन, आणि ओगराळं माझ्या हातात असेल. ते ठण्ण वाजेल तेव्हा तू ताटावर हात आडवा धरायचा नाहीस.