सगळ्यात लांब पर्याय

बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळुरात इंग्रजी राहते ती फक्त अर्जात. मराठीत अर्ज दिला तर कचेरीतला कारकून तो बाजूला सारतो, कन्नडात द्यायचा तर आमचा मान आडवा येतो. मग दोघींच्या भांडणात इंग्रजीचं फावतं. असे अर्ज लिहिणारा गावातला विद्वान म्हणजे मी. नळाला पाणी नसो की खांबावर दिवा नसो, माझी सुरुवात ठरलेली: 'आय मोस्ट हम्बली बेग टू स्टेट'. तिथून वाक्य जे सुटायचं ते पान संपल्यावरच थांबायचं. पाणी येईलच असं नाही, पण वाचून दाखवताना म्हातारी माणसं डोळे पुसायची.

असा मी बँकेच्या कारकुनी परीक्षेला बसलो. वयाच्या अटीत बसणारी ती माझी शेवटची संधी. इंग्रजीत वेगळं पास व्हावं लागतं, हे वाचून तर मला निम्मी नोकरी लागल्यासारखंच वाटलं. बायकोनंही फॉर्म भरला होता. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मराठी शाळेतली. तेव्हा तिला शिकवायची जबाबदारी मी न मागता घेतली.

"वाक्यदुरुस्तीला डोकं लागत न्हाय," मी सांगितलं. "पाच पर्यायांत जो सगळ्यात लांब आणि अदबीचा, तो बरोबर. साहेबाशी तुटक कोण बोलतंय?"

"अहो, पण 'रिटर्न' म्हटल्यावर पुन्हा 'बॅक' कशाला?"

"त्यानं विनंतीला वजन येतंय."

"हितं विनंती कुणी केलीया? पोरगं पुस्तक परत द्यायलंय."

मी वडलांकडं, म्हणजे आप्पांकडं बघून हसलो. ते माझ्याहून मोठ्यानं हसले.

बेळगावच्या केंद्रावर संगणकासमोर बसलो, तर पडद्यावरची निम्मी वाक्यं मला उर्मट वाटायला लागली. एका प्रश्नात कुणी कर्मचारी सहा शब्दांत रजा मागत होता. अशानं रजा मिळते होय? मी त्याला 'काइंडली' असलेला पर्याय लावून दिला. तसाच एकेकाला नम्र करत गेलो आणि वेळेआधी हात जोडून बसलो.

निकाल मोबाइलवर आला. गणितात कसाबसा तरलो, इंग्रजीत बुडालो. बायको दोन्हीत पार.

तिला निपाणीची शाखा मिळाली. रुजू व्हायला निघाली त्या सकाळी शेजारी जमले होते. आप्पा त्यांना सांगत होते, "सुनेला इंग्रजी आमच्या पोरानं शिकवलं. त्याचं तेवढं वय आडवं आलं."

वय आडवं आलं नव्हतं.

बॅगेची चेन ओढत ती म्हणाली, "व्हय आप्पा, लई शिकवलं. हे सांगतील तो पर्याय पयला खोडायचा, मग चारच उरायचे."

आप्पांना ते कौतुकच वाटलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. मी बॅग उचलली आणि तिच्या मागनं बसथांब्याकडं चालायला लागलो.