बरणीतली माशी

आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर कशालाच ठाम ‘होय’ म्हणत नसत. “सर, आज गुरुवार ना?” विचारलं तरी, “असावा.” घराण्यातला पहिला पदवीधर मी, ठासून बोलायची सवय लागलेली, त्यांच्यासमोर मात्र जपून बोलायचो.

ओढ्यात वाढणाऱ्या मेफ्लाय माशीची एक जात कित्येक वर्षांत कुणाला दिसली नव्हती. संपलीच असावी, असं जाणकार धरून चालले होते. सर तिच्यासाठी तुंगारेश्वरचे ओढे धुंडाळत. शेवटी तिचीच असावीत असा संशय आलेली काही पिल्लं आणून त्यांनी वसईच्या घरी, ओटीवर बरणीत वाढवली. चुकलं असतं तर पुन्हा ओढ्यापासून सुरुवात.

एका संध्याकाळी एका पिल्लाला पंख फुटले.

“सर, तीच!” मी ओरडलो.

“पंख धुरकट आहेत. मेफ्लाय पंख फुटल्यावरही एकदा कात टाकते. ती टाकू दे, मग बघू.”

सरांच्या पत्नी, आमच्या बाई, आतून रेडिओ बारीक करून म्हणाल्या, “लग्नात फादरांनी विचारलं, तेव्हाही हे ‘होय’ म्हणायच्या आधी दोनदा खोकले होते!”

सकाळी गेलो, तर माशीचे पंख काचेसारखे स्वच्छ झाले होते. सर भिंगातून बघत होते. मी वही उघडून बसलो.

“होय,” सर म्हणाले. “हीच.”

बाई चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या.

“खोकले नाहीत,” त्या मला हळूच म्हणाल्या.