पालथं पडून ऐकलेली कादंबरी

देवळाली कॅम्पातल्या ज्योत्स्नाबाई गांगुर्ड्यांनी जन्मात घोड्यांची शर्यत पाहिली नव्हती. तरी शर्यतीआधी जॉकीचं वजन कसं करतात, पहाटे धुक्यात घोडे कसे फिरवतात आणि पाण्याच्या बादलीत कोण काय कालवू शकतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. उमेदीची सगळी वर्षं बालवाडीतल्या पोरांना बडबडगीतं शिकवण्यात गेली, पण घरी हातात पुस्तक घेतलं की त्यांना लागायचा तबेला, रेसकोर्स आणि एखादा खून. बदली होऊन गेलेल्या कुटुंबांची पुस्तकं कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे येत. त्यात शर्यतीवरची रहस्यकथा निघाली की तो निरोप धाडी, "बाई, घोडा आलाय!" बाई पदर खोचून निघायच्याच.

त्यांचे यजमान खंडेराव फौजी वर्द्या शिवायचे. मूळचे चांदवडकडचे, बोलणं अजून तिकडचंच. पुस्तकाशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण ओळखही नव्हती. "घोडं पळालं काय अन् बसलं काय, आपल्याला काय त्याचं?" असं म्हणून ते मशीनवर बसत.

एका सकाळी चहा गाळताना ज्योत्स्नाबाईंना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळी सावली दिसली. आधी दोन दिवस डोळ्यापुढे काजळीचे कण तरंगत होते, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. सावली चढत चढत दुपारपर्यंत निम्म्या डोळ्यावर आली. नाशकातल्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि लगेच भरती करून घेतलं. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, डोळ्यात गॅस भरून वर पट्टी बांधली. त्या गॅसने पडदा जागेवर दाबून धरायचा, म्हणून घरी गेल्यावर आठवडाभर पालथं पडून राहायचं. जेवताना आणि मोरीत जातानाही मान खालीच.

"दिसेल ना हो मला?" त्यांनी विचारलं.

"पडदा बसू दे. मग बघू," मॅडम म्हणाल्या. हे "बघू" बाई घरी पोचेपर्यंत मनात घोळवत राहिल्या.

खंडेरावांनी दुकान बंद ठेवलं. पलंगाच्या कडेशी उशा रचून चेहरा कडेबाहेर राहील एवढी जागा केली. ज्योत्स्नाबाई तिथे तोंड घालून पडल्या की खाली फरशीचा एक तुकडा दिसे, तेवढंच जग. मान भरून येई, छाती दबे. त्याहून वाईट म्हणजे डोकं रिकामं राही आणि रिकाम्या डोक्यात एकच विचार भणभणे. पट्टी सुटल्यावर काळोखच असला तर? त्यांच्या आईला म्हातारपणी दिसेनासं झालं होतं. भिंतीला धरून चालायची ती. तिचे ते चाचपडणारे हात आता त्यांना सारखे दिसत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी म्हटलं, "अहो, माझं पुस्तक अर्धं राहिलंय. वाचून दाखवता का?"

"मी?" खंडेराव दचकले. "मला कुठं जमतंय!"

"जमेल तसं वाचा. नाहीतर मला वेड लागेल."

मग पलंगाशी स्टूल ओढून खंडेराव वाचायला बसले. जाड कापडावर सुई अडावी तसे ते प्रत्येक जोडाक्षराशी अडत. "स्पर्धा"ला ते दोनदा ठेचकाळले, "निष्कर्ष" तर सोडूनच दिला. कादंबरीत कोयना नावाची तांबूस घोडी होती. शर्यत तोंडावर आलेली, आणि तिला चोरून कोणीतरी काहीतरी चारत होतं. तिचा म्हातारा डॉक्टर तेवढा सावध झाला होता.

दुसऱ्या दिवशी चहा होताच खंडेराव आपणहून स्टुलावर येऊन बसले. "तो ट्रेनर लबाड दिसतो मला," ते म्हणाले.

"जो घोड्याला उगाच जास्त थोपटतो ना, त्याच्यावर नजर ठेवा," उशीतून आवाज आला.

"म्हणजे मालकाचा जावई?"

"माझा अंदाज मी सांगणार नाही. वाचा."

त्या दोन दिवसांत बाईंची भीती वाचनाच्या वेळेपुरती दूर बसायची. पुस्तक मिटलं की परत येऊन मानगुटीवर. त्यात आणखी एक झालं. चांगल्या, उजव्या डोळ्याच्या कडेला मधूनच लख्खकन काहीतरी चमकू लागलं. कोणी काडी ओढून विझवावी तसं. पालथं पडून डोळ्यावर दाब येत असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खंडेरावांना सांगावं असं वाटे, पण माणूस आधीच खिचडीवर दिवस काढतोय, आंघोळीला जाताना दार उघडं ठेवतोय हाक ऐकू यावी म्हणून. त्यांना आणखी कशाला घोर लावायचा?

पाचव्या दिवशी दुपारी शर्यतीचं प्रकरण आलं. घोडे सुटले. कोयना वळणावर आली. खंडेराव एकाएकी थांबले. पान उलटल्याचा आवाज झाला, मग पुन्हा मागे उलटल्याचा.

"काय झालं?"

"काय नाय. चष्मा पुसतो." आणि ते वाचू लागले. "वळणावर कोयना जरा लंगडली. पण मग ती सावरली आणि पळतच सुटली. लय दमली होती, तरी पहिली आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

ज्योत्स्नाबाई पडल्या जागी ताठ झाल्या. एवढं सगळं वाचलं आणि माणूस एकदाही अडखळला नाही. आणि कोणत्या लेखकाने "लय दमली" असं लिहिलं असतं?

"अहो, पुस्तकात हे नाहीये."

"हाय की."

"कोयना मेली ना?"

खंडेरावांनी चष्मा काढला. मग पुस्तक मिटत म्हणाले, "तू रडशील म्हणून. डोळ्यातून पाणी काढू नको म्हणाल्यात मॅडम."

बाईंच्या काळजात चर्र झालं, पण ते कोयनासाठी नव्हतं. रहस्यकथा वाचून वाचून त्यांना एक खोड लागली होती. एक खोटं सापडलं की दुसरं शोधायचं. दवाखान्यातून निघताना मॅडमनी खंडेरावांना आत बोलावलं होतं. बाहेर आले ते हसत. नेहमी न हसणारा माणूस.

"आणखी काय लपवलंय माझ्यापासून?" त्यांनी उशीतूनच विचारलं. "मॅडम तुम्हाला काय म्हणाल्या? खरं सांगा."

स्टूल करकरलं. खंडेराव फरशीवर खाली बसले, बाईंना त्यांचा चेहरा दिसेल असे.

"उजव्या डोळ्याचा पडदाबी पातळ झालाय म्हणे. तपासणीला गेल्यावर लेझर करायचं. तुला सांगा म्हणाल्या होत्या. तू आधीच घाबरलेली, माझी जीभच उचलली नाय." मग खालच्या आवाजात, "त्या डोळ्यात चमकल्यासारखं झालं तर तडक या, असंबी म्हणाल्या."

"चमकतंय," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "कालपासून."

खंडेराव ताडकन उठले. पायात चपला उलट्यासुलट्या घालून ते धावत रिक्षा घेऊन आले. सबंध रस्ताभर बाई मान खाली घालून त्यांच्या मांडीवर कपाळ टेकून बसल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला डोळा गच्च मिटत होत्या. कोणीच कोणाला बोल लावला नाही. खंडेरावांचा हात मात्र त्यांच्या पाठीवर थापा मारत राहिला, शिवण दाबून बसवावी तसा.

उजव्या डोळ्याच्या पडद्याला बारीक चीर पडली होती. मॅडमनी तिथल्या तिथे लेझर करून चिरेभोवतीची जागा पक्की केली. "उद्यावर ढकललं असतं तर हाही डोळा गेला असता," त्या म्हणाल्या, आणि दोघांनाही एकदमच रागावल्या. दोघंही शाळेतल्या पोरांसारखी माना खाली घालून ऐकत राहिली. एकीला तर ती तशीही खालीच ठेवावी लागत होती.

उजवा डोळा वाचला. डाव्याला पुढे दिसू लागलं, पण पूर्वीसारखं नाही. खिडकीचे सरळ गज वाकडे दिसतात, माणसाचा चेहरा पाण्यात पडल्यासारखा हलतो. मॅडम म्हणतात, एवढ्यावर समाधान माना.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी ज्योत्स्नाबाई एकेक डोळा तळहाताने झाकून समोरच्या गुलमोहराकडे बघतात. खंडेराव तोवर श्वास रोखून दारात उभे असतात. "दिसतंय," असं त्या म्हणाल्या की मगच ते दुकानाचं कुलूप काढायला जातात.