गुरम्माकाकूंची बोथरी

गुरम्माकाकू माणसांशी मराठीत बोलायच्या. कानडी त्यांनी दोघांसाठीच राखून ठेवली होती, एक महादेव आणि दुसरी कोंबडी. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की त्या मागच्या अंगणात यायच्या, पितळी वाटीच्या काठावर बोटं आपटायच्या आणि हाक मारायच्या, "बा, बा! तिन्नु!" म्हणजे ये, खा. कोंबडीचं पोट भरलं की "साकु" म्हणून वाटी उचलायच्या. साकु म्हणजे पुरे. माझी कानडी तेवढ्यावरच थांबली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या उघडल्या, बदल्यांवर माणसं आली आणि खोल्यांची भाडी अशी चढली, की आम्ही मुकाट्यानं औशात बिऱ्हाड केलं. हे रोज एसटीनं लातूरला जायचे. मी कंधारची, नवी नवरी, तोंडाची फटकळ. शेजारी काकूंचं किराणा दुकान आणि मागं घर. आमच्या दोन अंगणांत कंबरेएवढी भिंत. काकू उदगीरकडच्या, विधवा, लिंगायत. घरात कांदासुद्धा सोमवारी चिरायच्या नाहीत. आता अशा घरात कोंबडी कशी आली, ते सांगते.

त्या साली दुष्काळ होता. गावाबाहेरच्या एका पोल्ट्रीवाल्याकडं पाणी उरलं नाही, तेव्हा तो कोंबड्या मिळेल त्या भावानं काढायला लागला. सायकलला उलट्या टांगून नेता नेता एक निसटली आणि थेट काकूंच्या दुकानात, मुरमुऱ्याच्या पोत्यामागं शिरली. सायकलवाला मागं वळलाच नाही. काकू किंचाळल्या, मग वाकून बघितलं, आणि मला हाका मारायला लागल्या. "सुमन, अगं हिकडं ये! हिचं तोंड कुनी कापलं गं?"

कोंबडीची वरची चोच अर्धी कापलेली होती. खालची तशीच लांब. पोल्ट्रीत एकमेकींना टोचू नये म्हणून कापतात, हे मी सांगितलं तर काकू माझ्यावरच उखडल्या. "टोचतील म्हनून तोंड कापायचं? मंग तुझं तर कवाच कापाया पायजे हुतं!"

त्यांनी जमिनीवर ज्वारी टाकली. कोंबडी टोचायची, दाणा उडायचा, हाती काही नाही. परत टोचायची. मला हसू येत होतं. काकू मात्र उकिडव्या बसून टक लावून बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. "उपाशी हाय गं ती. समोर हाय अन् खाता येईना."

मग त्यांचे प्रयोग सुरू झाले. ताटली झाली, परात झाली. शेवटी पितळी वाटीत भाकरी भिजवून कुस्करली आणि एका बाजूला उंच ढीग केला, तेव्हा चोच आत रुतली आणि घास आला. "सपाट नको, ढीग कराया पायजे," काकू मला म्हणाल्या, जणू मीही दुसऱ्या दिवशी कोंबडी पाळणार होते. टँकरच्या रांगेत तास तास उभं राहून आणलेल्या पाण्यातलं पाणी तिच्या खोल गाडग्यात जायचं. चोच नखासारखी वाढेल अशी माझी समजूत होती. ती काही वाढली नाही. बोथट चोचीची म्हणून मी तिला बोथरी म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं.

बोथरी अंडी घालायला लागली आणि माझी चैन झाली. काकू अंड्याचं नावही घ्यायच्या नाहीत. तोंड फिरवून चिमट्यानं ते उचलायच्या आणि भिंतीवरून द्यायच्या, "घे बाई तुझं ते." एकदा चिमट्यातून निसटून फुटलं, तर महादेवाला दोन वेळा दंडवत घातला.

गावात कुजबुज होतीच. पण खरी पंचाईत श्रावणात झाली. श्रावणातल्या एका सोमवारी त्यांचे जंगम स्वामी पाद्यपूजेला यायचे आणि जेवून जायचे. काकू नवरी होऊन आल्या तेव्हापासून हे चुकलं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांचा मुलगा शिवराज लातूरहून आला आणि अंगणातच थबकला. "आई, कोंबडीच्या घरात स्वामी पानी तरी घेतील का? दारातून उपाशी गेले तर लोकांना तोंड कसं दावायचं?"

संध्याकाळी काकू भिंतीशी आल्या, पदराखाली बोथरी. "सुमन, उद्याच्या दिस ठिवून घे. दुसऱ्या कुनाकडं दिली तर रातीतच चुलीवर चढंल. स्वामी उपाशी गेले तर मी बी जगून काय करू? तिला कापायचं न्हाई म्हनून तुझ्या नवऱ्याला माझी शपथ घाल." हे ऐकून आमचे हे इतके दुखावले, की त्या रात्री अंडंही खाल्लं नाही.

सोमवारी मी बोथरीला डाल्याखाली झाकलं. पलीकडं पूजा झाली, स्वामी पानावर बसले. स्वामी फार थकलेले, तोंडात एक दात नाही. काकूंनी त्यांच्यासाठी दुधात भाकरी कुस्करली आणि सवयीनं वाटीच्या काठावर बोटं आपटली.

बास! बोथरीनं डालं उलथवलं, भिंतीवर चढली आणि पलीकडं उतरली. मी मागं धावले. ती थेट स्वामींच्या चौरंगापाशी, सांडलेल्या अक्षतांवर टोचायला लागली. शिवराज पांढराफटक पडला. काकू हात जोडून भिंतीला टेकल्या. बोथरी टोचत होती, तांदूळ उडत होता.

स्वामींनी वाकून बघितलं. "हिला उचलंना का?"

"चोच कापल्याली हाय, स्वामी," काकू हात जोडूनच म्हणाल्या. "सपाटावरचं येत न्हाई तिला. माझं चुकलं. पर कुनाला देऊ हिला?"

स्वामींनी ओठांवरून हात फिरवला. "मला बी दात कुठं हाईत? माझी भाकरी कुस्करतीस, तिची बी कुस्करतीस. जा, आधी तिला दे. मी थांबतो."

काकू रडत रडत दुसरी वाटी आणायला गेल्या. बोथरी खाऊन झाल्यावर स्वामी जेवले, पोटभर. तरी काकूंच्या एका चुलत जावेनं त्यांच्याकडं पाणी पिणं सोडलं ते सोडलंच.

पुढं पाऊस झाला, टँकर थांबले. बोथरी म्हातारी होऊन गेली. काकूंनी तिला सीताफळाखाली पुरलं. विभूती लावली का, असं लोक मला विचारायचे. मी बघितलं नाही, असं सांगायचे. बघितलं होतं.

आमची बदली नांदेडला झाली आणि आम्ही इथलेच झालो. बऱ्याच वर्षांनी शिवराज काकूंना इथल्या दवाखान्यात घेऊन आला आणि तिथून चार दिवस आमच्या घरी. एवढीशी झाली होती माझी काकू! दात गेलेले, डोळे मिटलेले, आणि अन्न म्हटलं की मान फिरवायच्या. शिवराज हातापाया पडत होता, "आई, दोन घास तरी खा." डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे.

मी स्वयंपाकघरात जाऊन दुधात भाकरी कुस्करली. त्यांच्या उशाशी बसले आणि वाटीच्या काठावर बोटं आपटली. "बा, काकू. तिन्नु."

डोळे उघडले. आधी माझ्याकडं, मग वाटीकडं बघितलं आणि बोळकं हसलं. "सपाट करून आनलीस व्हय गं? ढीग कर."

मी ढीग केला. घास घास करून सगळी वाटी संपली. मी आणखी घ्यायला उठले, तर त्यांनी माझं मनगट धरलं, मला खाली बसवलं आणि म्हणाल्या, "साकु."